रतलामचा न्यू रोड : एका गटाराचा इतिहास

रतलाम म्हटले की सेव आणि रेल्वे जंक्शन आठवते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र आपले हे गाव न्यू रोडवरच्या गटारांमुळे माहीत असते! बदलीने येथे आलेल्या बऱ्याच बांधवांना हा इतिहास ठाऊक नसतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९७० च्या दशकात न्यू रोडच्या वॉर्ड क्र. १२ मध्ये सांडपाण्याची डबकी साचत. मद्यार्काच्या कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी वाहत येई. सार्वजनिक शौचालये नसल्याने गरिबांना रस्त्याकडेलाच बसावे लागे. डासांबद्दल तर बोलायलाच नको. नगरपालिका दाद देईना, तेव्हा वर्धीचंद व इतर रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम देता येत असे. दंडाधिकाऱ्यांनी तो दिला, सत्र न्यायालयाने रद्द केला आणि उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. अखेर नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली.

तिचे म्हणणे दोनच गोष्टींचे होते. एक, हे लोक तिथली घाण डोळ्यांनी पाहून, स्वखुशीने राहायला आले. आता तक्रार कसली? दुसरे, पैसा नाही.

२९ जुलै १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर व न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी नगरपालिकेचे अपील मान्य केले नाही. लोकांचे आरोग्य राखणे हे नगरपालिकेचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि पैशाच्या टंचाईने ते टळत नाही, असा हा निकाल होता. मी डिप्लोमावाला इंजिनिअर, इस्टिमेट आणि फंड यांच्याशी माझी रोजची गाठ. त्यामुळे मला विशेष वाटले ते हे, की न्यायालयाने नुसता उपदेश केला नाही. सुमारे ६ लाखांत बसणारी योजना पुढे ठेवली, स्त्री-पुरुषांसाठी वेगळी शौचालये बांधायला सहा महिन्यांची मुदत घातली आणि कारखान्याचे पाणी थांबवायला सांगितले.

आज मार्ग अधिक आहेत. कलम १३३ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने घेतली आहे. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आले. त्याचे मध्य विभागाचे पीठ भोपाळला आहे. मात्र तेथे पर्यावरणाचा तंटा साधारण सहा महिन्यांच्या आत न्यावा लागतो, हे ध्यानात असावे.

नगरपालिकेचा पहिला मुद्दा मात्र मला अजून टोचतो. "आपण कुठे इथले? आज ना उद्या बदली होणारच," असे म्हणून आपणही घराजवळच्या तुंबलेल्या नाल्याकडे पाठ फिरवतो. नगरपालिकेने मांडलेली सबबच आपण स्वतःला सांगत असतो. ती १९८० सालीच फेटाळली गेली आहे, तीही याच गावच्या खटल्यात. जो जिथे राहतो, तिथली स्वच्छ हवा-पाणी मागणे हा त्याचा हक्क आहे. सही करायला कोणी अर्ज घेऊन आले, तर एवढे अवश्य आठवावे.