मिश्रित व्हिस्कीचे मोल

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एका घरी आम्ही भेटीस गेलो असता एक मजेदार वाद ऐकावयास मिळाला. घरातील थोरला मुलगा अमेरिकेत नोकरीस असतो. त्याने वडिलांसाठी तिकडून व्हिस्कीची एक बाटली आणली होती. बर्बन आणि राय अशा दोन प्रकारच्या व्हिस्की एकत्र करून ती तयार केलेली होती आणि साध्या बर्बनच्या जवळजवळ दुप्पट किंमत मोजून त्याने ती घेतली होती. वडिलांनी सारे आयुष्य दुधाच्या धंद्यात घालवलेले. ते म्हणाले, "भेसळीच्या मालाला कोणी दुप्पट पैसे देतो का रे?" मुलगा म्हणाला, "बाबा, ही भेसळ नव्हे, हे मिश्रण आहे." आणि दोघांनीही निवाडा आमच्यावर सोपवला.

धर्मगुरूने व्हिस्कीवर लेख लिहावा काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत आणि अशा घरांच्या ओट्यावर रात्री-अपरात्री बसून समजूत घालण्याचे कामही केले आहे. तेव्हा प्रस्तुत लेख म्हणजे पिण्याची शिफारस नव्हे. परंतु भेसळ कशाला म्हणावे आणि मिश्रण कशाला, हा प्रश्न सचोटीचा आहे. अमेरिकेत या एका प्रश्नावर कायदेपंडितांनी आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांनी निवाडे दिलेले आहेत. तो इतिहास आम्हांला त्या बाटलीपेक्षा अधिक चवदार वाटला.

प्रथम या दोन नावांचा उलगडा करू. बर्बन म्हणजे जिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका आहे अशी अमेरिकन व्हिस्की. राय व्हिस्कीत निदान ५१ टक्के राय हे धान्य असावे लागते. (राय म्हणजे आपल्या फोडणीतील राई नव्हे, ते गव्हाच्या जातीचे, थंड मुलखातले धान्य आहे.) दोन्ही मद्ये आतून जाळलेल्या ओक लाकडाच्या कोऱ्या पिंपात मुरवावी लागतात. एकदा वापरलेले पिंप पुन्हा चालत नाही. मक्याने गोडवा येतो, रायने मिरी-लवंगेसारखा झणका. निदान दोन वर्षे मुरलेल्या मद्याला 'स्ट्रेट' म्हणजे निर्भेळ हे विशेषण लावता येते. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने बर्बन हे आपल्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठरावही केला.

वस्तुतः या दोन धान्यांपैकी आधी मान होता तो रायला. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड ही रायची भूमी होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडताना, १७९७ साली, आपल्या माउंट व्हर्नन येथील शेतावर भट्टी सुरू केली. तिच्या धान्यात राय ६० टक्के, मका ३५ टक्के आणि सातू ५ टक्के असे प्रमाण होते. १७९९ साली त्या भट्टीने सुमारे ११ हजार गॅलन व्हिस्की काढली. याच वॉशिंग्टन यांनी १७९४ साली व्हिस्कीवरील कराविरुद्ध उठलेल्या पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांवर सैन्य नेले होते, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

येथे आपल्या कॅथलिक वाचकांना जवळची वाटेल अशी एक हकिकत येते. मेरीलँड ही अमेरिकेतील कॅथलिकांची जुनी वसाहत. तेथून १७८५ साली बेसिल हेडन नावाच्या गृहस्थाने सुमारे २५ कॅथलिक कुटुंबे डोंगरापलीकडे केंटकीत नेली. केंटकीतील पहिल्या कॅथलिक चर्चसाठी जमीन दिली ती त्यांनीच. पुढे १८०८ साली बाल्टिमोर धर्मप्रांताचे विभाजन होऊन बॉस्टन, न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया यांच्याबरोबरीने बार्ड्सटाउन या केंटकीतील छोट्या गावास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि फ्रेंच धर्मगुरू बेनेडिक्ट जोसेफ फ्लॅजे तेथील पहिले बिशप झाले. त्यांनी बांधलेले संत योसेफाचे कॅथेड्रल १८१९ साली अभिषिक्त झाले. धर्मप्रांताचे ठाणे १८४१ साली लुईव्हिलला हलले. ते बार्ड्सटाउन आता स्वतःला बर्बनची जागतिक राजधानी म्हणवते. जवळच्या गेथसेमनी मठातील ट्रॅपिस्ट संन्यासी बर्बन घातलेली मिठाई विकून मठाचा खर्च भागवतात.

हेडन यांना भट्टीचे ज्ञान होते. केंटकीत पिकत होता मका. असे सांगितले जाते की, मेरीलँडची सवय त्यांना सोडवेना, म्हणून ते आपल्या मक्यात राय नेहमीपेक्षा अधिक घालीत. त्यांच्या नातवाने १८८२ साली भट्टी काढून आजोबांच्या स्मरणार्थ आपल्या व्हिस्कीला 'ओल्ड ग्रँडडॅड' हे नाव दिले. सांगावयाचा मुद्दा इतकाच की मका आणि राय यांचा संगम नवा नाही. तो भट्टीवर चढवण्यापूर्वी धान्यातच करता येतो किंवा दोन्ही मद्ये वेगवेगळी मुरवून नंतर करता येतो. पहिल्या रीतीला कोणी कधी भेसळ म्हटले नाही. मग दुसऱ्या रीतीचे नाव का बिघडले?

ते बिघडवले एकोणिसाव्या शतकातील व्यापाऱ्यांनी. 'रेक्टिफायर' म्हणून ओळखला जाणारा एक वर्ग त्या काळी पुढे आला. हे लोक कोणत्याही धान्याचा कोरा, बेचव मद्यार्क घेत, त्यात थोडी खरी व्हिस्की, जाळलेल्या साखरेचा रंग, कधी सुकवलेल्या आलुबुखाऱ्याचा रस आणि कधी त्याहून घातक पदार्थ घालून सकाळी केलेला माल संध्याकाळी 'जुनी व्हिस्की' म्हणून विकत. खरा भट्टीवाला चार वर्षे पिंप सांभाळत बसे. उन्हाळ्यात लाकडातून मद्य उडून जाई. या उडून गेलेल्या भागास तेथील कारागीर 'देवदूतांचा वाटा' म्हणतात आणि केंटकीच्या हवेत तो वर्षाला शेकडा तीन ते पाच इतका असतो. ज्याच्या मालात देवदूतांनाही वाटा नाही आणि काळालाही नाही, तो रेक्टिफायर अर्थातच स्वस्त विकू शकत असे. गरीब मजुराच्या पेल्यात पडे ते हेच.

कर्नल ई. एच. टेलर आदी भट्टीवाल्यांच्या खटपटीने १८९७ साली 'बॉटल्ड-इन-बाँड' कायदा झाला. एकाच भट्टीतील, एकाच हंगामातील, सरकारी कुलपाखाली निदान चार वर्षे मुरलेली आणि १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के मद्यार्काची व्हिस्की असेल तरच तिला ती सरकारी मोहोर मिळे. ग्राहकाला यामुळे मोठे संरक्षण लाभले. तथापि त्यातून एक ग्रहही रुजला. एकाच भट्टीचे, एकाच हंगामाचे ते खरे आणि मिसळलेले ते खोटे.

१९०६ साली शुद्ध अन्न व औषध कायदा झाला आणि 'व्हिस्की' हा शब्द नेमका कोणी वापरावा यावर भांडण जुंपले. निवाडा आला महान्यायवादी चार्ल्स बोनापार्ट यांच्याकडे. हे बाल्टिमोरचे गृहस्थ नेपोलियन बादशहाच्या धाकट्या भावाचे नातू, निष्ठावंत कॅथलिक, आणि कॅथलिक प्रापंचिकांना नोत्र दाम विद्यापीठाकडून दिले जाणारे लेतारे पदक त्यांना १९०३ साली लाभलेले. त्यांनी १९०७ साली दिलेला अभिप्राय आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत स्वच्छ कागद आहे. धान्यापासून रीतसर काढून मुरवलेली ती निर्भेळ व्हिस्की. अशा दोन किंवा अधिक निर्भेळ व्हिस्की एकत्र केल्या तर ते मिश्रण. निर्भेळ व्हिस्कीत कोरा मद्यार्क घातला तर तो संयुक्त माल. आणि नुसत्या कोऱ्या मद्यार्काला रंग-वास लावला तर ती नक्कल. म्हणजे गाईच्या दुधात म्हशीचे दूध घातले तर ते दूधच. दुधात पाणी घातले तर ते पाणी घातलेले दूध असे सांगून विका. आणि पाण्यात खडूची भुकटी घातली तर दुधाचे नाव घेऊ नका. आमच्या दूधवाल्या गृहस्थांनीही याहून निराळा निकाल दिला नसता.

रेक्टिफायरांना हे मानवणारे नव्हते. त्यांनी धावाधाव केली आणि २७ डिसेंबर १९०९ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी स्वतः निर्णय दिला. ते मूळचे न्यायाधीश, आणि निर्णय चातुर्याचा होता. धान्यापासून काढलेल्या कोऱ्या मद्यार्कालाही व्हिस्की म्हणता येईल, मात्र बाटलीवर 'निर्भेळ' की 'मिश्रित' हे स्पष्ट छापावे लागेल. दोन्ही पक्ष घरी गेले. पण बोनापार्ट यांनी जो शब्द दोन खऱ्या व्हिस्कींच्या संगमासाठी राखून ठेवला होता, तो टाफ्ट यांनी कोऱ्या मद्यार्काच्या मालालाही मोकळा करून दिला. आजही अमेरिकेच्या नियमानुसार 'मिश्रित व्हिस्की'त निर्भेळ व्हिस्की केवळ २० टक्के असली तरी पुरते. उरलेला सारा कोरा मद्यार्क चालतो. दोन निर्भेळ व्हिस्की एकत्र केल्यास 'निर्भेळ व्हिस्कींचे मिश्रण' असे लांबलचक नाव आहे. दुकानात उभा असलेला माणूस त्यातला पहिला शब्द वाचतो की शेवटचा, सांगा!

पुढे १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी आली. मिस्सासाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या व्हिस्कीला तेवढी मुभा होती. भट्ट्या थंडावल्या, मुरलेला साठा संपला, मग महायुद्ध आले. तुटपुंजा जुना माल कोऱ्या मद्यार्कात पसरवून विकण्याखेरीज कंपन्यांना सोपा मार्ग दिसला नाही. रायचे तर नावच पुसले जावयाची वेळ आली.

या काळातील 'फोर रोझेस'ची कथा सांगण्याजोगी आहे. ती एके काळी अमेरिकेत अतिशय खपणारी निर्भेळ बर्बन होती. १९४३ साली सीग्रॅम कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे त्या दशकाअखेर नव्हे, पण पन्नासच्या दशकाच्या अखेरीस स्वदेशात तिची विक्री थांबवून निर्भेळ माल युरोप व जपानला पाठवावयास आरंभ केला. अमेरिकन गिऱ्हाइकाला मात्र त्याच नावाखाली कोऱ्या मद्यार्काची स्वस्त मिश्रित व्हिस्की मिळू लागली. एक पिढी ते नाव हलक्या मालाचे समजून मोठी झाली. २००२ साली जपानच्या किरिन कंपनीने ती घेतली, मिश्रित माल बंद केला आणि निर्भेळ बर्बन परत आणली. आता गंमत पाहा. ही परत आलेली बर्बनही मिश्रणच आहे! धान्याची दोन प्रमाणे आणि किण्वाच्या पाच जाती यांतून दहा निरनिराळी मद्ये काढून ती वेगवेगळी मुरवतात आणि मग एकत्र करतात. म्हणजे या नावाची अब्रू एका मिश्रणाने घालवली आणि दुसऱ्या मिश्रणाने परत मिळवली.

या शतकाच्या आरंभी रायला पुन्हा मागणी आली. तेव्हा युटा राज्यातील हाय वेस्ट कंपनीने दहा वर्षे व त्याहून अधिक काळ मुरलेल्या बर्बन आणि राय एकत्र करून 'बुराय' हे जोडनाव दिले. तिच्या बाटलीवर शिंगे फुटलेल्या सशाचे चित्र आहे. पुढे २०१३ साली केंटकीच्या वाइल्ड टर्की भट्टीने 'फर्गिव्हन' म्हणजे 'क्षमा केलेली' या नावाची व्हिस्की काढली. कामगाराच्या चुकीने रायच्या टाकीत बर्बन पडली आणि ते मिश्रण चवीला उत्तम निघाले, अशी कंपनीने हकिकत सांगितली. त्यात सहा वर्षांची बर्बन ७८ टक्के आणि चार वर्षांची राय २२ टक्के होती, किंमत सुमारे ५० डॉलर. त्याच भट्टीची नेहमीची, याहून अधिक कडक बर्बन त्या वेळी सुमारे निम्म्या किमतीत मिळत होती. क्षमा कामगाराला झाली. प्रायश्चित्त मात्र गिऱ्हाइकाने भरले.

आता निवाडा. मिश्रण म्हणून माल हलका ठरत नाही, हे बोनापार्ट यांच्या अभिप्रायावरून स्पष्ट आहे. परंतु मिश्रण म्हणून तो महागही होऊ नये. व्हिस्कीत खरा खर्च आहे तो कोऱ्या पिंपाचा, गुदामाचा, आणि देवदूतांनी नेलेल्या वाट्याचा, म्हणजे वर्षांचा. दहा-बारा वर्षे मुरलेल्या दोन व्हिस्की कोणी जाणत्या हाताने एकत्र केल्या असतील, तर जास्त पैसे मागण्यास त्याला आधार आहे. चार-सहा वर्षांच्या मालाला मात्र तो नाही. मिसळण्याचे कौशल्य त्यात आहेच. पण नेहमीच्या बर्बनची एक खेप भरतानाही शेकडो पिंपे चाखून एकत्र केली जातात आणि त्याचे वेगळे मोल कोणी मागत नाही. राहिली ती चुकीची किंवा योगायोगाची सुरस कथा. कथा आम्हांलाही आवडतात, पण त्या पिंपात मुरत नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नास आणखी दोन कंगोरे आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतांश स्वस्त व्हिस्कींमध्ये उसाच्या मळीचा मद्यार्क असतो. युरोपीय संघात असा माल व्हिस्की या नावाने विकता येत नाही. तेव्हा अमेरिकन रेक्टिफायरांना हसण्यापूर्वी आपण आपली बाटली वाचलेली बरी. दुसरे, परदेशी बाटलीच्या आपल्याकडील किमतीत मोठा भाग कराचा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले, तेही बर्बनपुरते.

त्या नाताळच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण होते, दोन्ही व्हिस्कींची नावे होती, 'निर्भेळ' हा शब्दही होता. वय मात्र कोठेच छापलेले नव्हते. आम्ही बापलेकांना सांगितले की भेसळीच्या आरोपातून मुलगा निर्दोष, पण दुप्पट किमतीच्या बाबतीत वडिलांचे म्हणणे बरोबर. पुढच्या खेपेस एक साधी बर्बन आणि एक साधी राय आणावी, आणि घरीच चार पेल्यांस एक पेला या मापाने मिसळून पाहावी. मुलगा हिशेबी आहे. त्याने लगेच सांगितले की विमानतळावर एका प्रवाशाला दोन लिटर मद्य बिनशुल्क आणता येते, आणि या दोन बाटल्या दीड लिटरच भरतात.