दोन काचा, एक आभाळ

हल्ली खेड्यापाड्यांतली पोरेसुद्धा खिशातल्या फोनवर मोठी करामत करतात. बांधावर उभे राहून फोटो काढायचा, वरचे कोरे आभाळ पुसायचे आणि तिथे काळे ढग आणून बसवायचे. बघणाऱ्याला वाटते, आता कोसळतोच पाऊस! आपण म्हणतो, काय हा नवा जमाना! पण ही युक्ती नवी नव्हे. तिला दीडशे वर्षे केव्हाच उलटली.

त्या काळी फोटो काचेवर उमटे. काचेवरचे रसायन निळ्या प्रकाशाने फार लवकर भाजून निघे. समुद्र नीट यावा, तर आभाळ पांढरेफटक. आभाळ साधावे, तर समुद्र काळाकुट्ट. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास तोड काढली. समुद्राची काच वेगळी, आभाळाची वेगळी, आणि दोन्ही एकाच कागदावर छापायच्या. एकच आभाळ त्यांनी निरनिराळ्या समुद्रांवर पांघरले!

१८५८ साली इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच काचा जोडून एका मरणपंथाला लागलेल्या मुलीचे चित्र केले. पाहणारे हळहळले. इतके दुःख का दाखवावे, अशी टीकाही झाली. वास्तविक ती मुलगी चांगली धडधाकट होती.

आता आपल्या मुंबईकडे या. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईत राहणाऱ्या नाना जातीजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसे एका काचेवरची, तर मागचा देखावा दुसऱ्या काचेवरचा. हा माणूस तिथे उभा होता, असे आपण बेधडक म्हणू. पण तो तिथे नव्हताच.

इथेच खरी मेख आहे. रॉबिन्सनचे चित्र कलाकृती म्हणून पाहिले, तर त्यात खोटे काही नाही. ते दुःख मनाला भिडते, एवढे पुरे. पण जोडलेले चित्र पुरावा म्हणून पुढे आले, की फसगत होते. पूर आला, दंगल झाली, असे सांगत फोनवर येणाऱ्या चित्राचेही तेच.

म्हणून गुरुजनांना एक विनंती. पोरांना ढग जोडू द्या, चंद्र विहिरीत उतरवू द्या. त्यात कल्पनाशक्ती आहे. फक्त चित्राखाली एक ओळ लिहायला लावा : 'हे मी जोडले आहे.' ज्याने एकदा स्वतः आभाळ जोडले, तो दुसऱ्याचे आभाळ डोळे झाकून खरे मानणार नाही.