थोरली मुले आणि नवी मुले : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप



जून महिना आला की चौथी किंवा सातवी पास झालेली मुले हायस्कूलच्या फाटकाशी येऊन उभी राहतात. नवा गणवेश, कोरे दप्तर आणि मनात भीती. त्याच वेळी दहावीची मुले व्हरांड्यात उभी राहून त्यांच्याकडे पाहत असतात. ती काय पाहतात? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. शिक्षणाच्या इतिहासात त्याची दोन उत्तरे आढळतात आणि दोन्ही आपल्याला माहीत असणे जरूर आहे.

पहिले उत्तर असे की नवा म्हणजे आपला नोकर. इंग्लंडच्या नामांकित निवासी शाळांत ही रीत फार जुनी होती. तिला 'फॅगिंग' म्हणत. लहान मुलाने मोठ्याची खोली झाडावी, न्याहारी तयार करावी, हाक येताच धावावे, असा शिरस्ता होता. १८२८ साली टॉमस अर्नोल्ड रग्बी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांनी ही पद्धत मोडली नाही. सर्वांत वरच्या वर्गावर शिस्तीची जबाबदारी टाकून तिला वळण लावण्याचा प्रयत्न मात्र केला. त्यांचेच विद्यार्थी टॉमस ह्यूज यांनी १८५७ साली 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' ही कादंबरी लिहिली. तीत मोठी मुले लहानग्या टॉमला पेटत्या शेकोटीसमोर धरून भाजतात, असा प्रसंग आहे. पण त्या कादंबरीतली खरी शिकवण पुढे आहे. टॉम मोठा होतो, उनाड बनतो. तेव्हा एका नाजूक प्रकृतीच्या नवागत मुलाला त्याच्या हवाली केले जाते. त्या मुलाला सांभाळता सांभाळता टॉमच सुधारतो! शिक्षेने जे साधले नाही ते जबाबदारीने साधले.

दुसरे उत्तर याहून जुने आहे आणि ते आपल्या घरचे आहे. इ. स. ६२२ मध्ये मक्केहून मदीनेला आलेल्या मुहाजिरांना हजरत मुहम्मद (स.) यांनी तिथल्या अन्सारांशी भाऊ म्हणून जोडून दिले. नव्याने आलेल्याला परका मानायचे नाही, हा धडा तिथूनच सुरू होतो. लहानांवर जो दया करीत नाही आणि थोरांचा मान राखत नाही तो आपल्यातला नव्हे, अशा अर्थाची हदीस तर घराघरांत ठाऊक आहे. पुढे सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्क यांनी बगदादमध्ये निजामिया मदरसा स्थापन केला. तो १०६७ साली सुरू झाला. मध्ययुगीन मदरशांत 'मुईद' नावाचे एक पद असे. मुईद म्हणजे पुन्हा सांगणारा. उस्तादांनी दिलेला सबक पुढे गेलेल्या या विद्यार्थ्याने मागच्यांना पुन्हा समजावून द्यायचा. म्हणजे थोरलेपणाचा मान मिळे तो शिकवण्यामुळे, दरडावण्यामुळे नव्हे.

आपल्या देशातही गावोगावच्या शाळांत थोरली मुले धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरे गिरवायला शिकवीत. मद्रासमध्ये अनाथ मुलांची शाळा चालवणारे पाद्री अँड्र्यू बेल यांनी देशी मुलांना वाळूत बोटाने लिहिताना पाहिले आणि आपल्या शाळेत मुलांकडूनच मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला. १७९७ साली त्यांनी त्यावर लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे ही 'मद्रास पद्धती' इंग्लंडभर पसरली.

अलीगढचे उदाहरण तर दोन्ही बाजू दाखवते. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली तेथे शाळा सुरू केली. तिचेच पुढे कॉलेज व १९२० साली विद्यापीठ झाले. नव्या मुलाचा 'परिचय' घेण्याची तेथील प्रथा प्रसिद्ध आहे. तिचा कधी कधी अतिरेकही होई. परंतु ज्युनिअरच्या चहाचे पैसे सिनिअरने द्यायचे, हा रिवाजही तिथलाच. आणि गरजू विद्यार्थ्यांना मदत करण्यासाठी 'अंजुमन-उल-फर्ज' म्हणजेच ड्यूटी सोसायटी १८९० साली निघाली तीही तिथेच.

अतिरेक वाढला तेव्हा कायदा करावा लागला. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा झाला. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी कडक नियम केले. पण कायदा हात धरू शकतो, मन वळवू शकत नाही.

मी दरवर्षी दहावीच्या मुलांना नव्या मुलांविषयी पाच ओळी लिहायला सांगतो. 'ती जिन्यात वाट अडवतात', 'उगाच रडतात', 'सारखे प्रश्न विचारतात', अशी उत्तरे येतात. मग मी म्हणतो, आता तुमचा स्वतःचा पहिला दिवस लिहा. वर्ग एकदम शांत होतो. कोणी चिडवले होते आणि कोणी वर्ग दाखवला होता, ही दोन्ही नावे कोणीही विसरलेले नसते. मी स्वतः शिकत असताना आमच्या वर्गात खेड्यातून आलेला एक मुलगा होता. त्याच्या बोलण्याची रोज नक्कल होई. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आलाच नाही. हसणाऱ्यांत मीही होतो. ज्या समाजात एकेक मूल शाळेत टिकवण्यासाठी आईबाप पोटाला चिमटा घेतात, तिथे एका टोपणनावाची किंमत एवढी मोठी असू शकते.

पालकहो, आपण नव्या मुलाला विचारता, 'तुला कोणी त्रास देत नाही ना?' थोरल्यालाही विचारा, 'आज तू कोणाला मदत केलीस?' आणि विद्यार्थी मित्रहो, येत्या जूनमध्ये तुमच्यापैकी प्रत्येकाने एका नव्या मुलाचा मुईद व्हावे. त्याला वर्ग दाखवा, पाण्याची टाकी दाखवा, अडलेले गणित समजावून द्या. शाळा सोडून गेल्यावरही तो मुलगा तुमचे नाव घेईल. यापेक्षा मोठे प्रमाणपत्र कोणतेही बोर्ड देऊ शकत नाही.