टाकीच्या कड्यांमधलं अंतर

अमेरिकेतल्या जुन्या रेल्वेमार्गावरची लाकडी पाण्याची टाकी छोट्या मापात बांधायला घेतली, की हात सगळ्यात आधी अडतो तो कड्यांपाशी. टाकीच्या उभ्या फळ्यांना बाहेरून आवळून धरणाऱ्या या लोखंडी कड्या. मूळ टाकीचा फोटो नीट पाहिला तर वरच्या दोन कड्यांमध्ये हातभर जागा दिसते. खाली येता येता ती कमी होते आणि तळाशी कड्या जवळजवळ एकमेकींना खेटतात. घाईने केलेल्या मॉडेलमध्ये मात्र त्या समान अंतरावर बसवलेल्या असतात. रंग उत्तम, लाकूड खरं, तरी ती टाकी डोळ्याला पटत नाही, आणि का पटत नाही ते पाहणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कारण पाण्याच्या वजनात आहे. अमेरिकी रेल्वेवर सर्रास दिसणारी टाकी २४ फूट व्यासाची आणि १६ फूट उंचीची असे. तिच्यात ५०,००० गॅलन, म्हणजे सुमारे १ लाख ८९ हजार लिटर पाणी मावे. एवढ्या पाण्याचं वजन १८९ टनांच्या घरात जातं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. वरच्या काठाशी तो शून्य असतो, तर तळाशी फळ्यांना बाहेर ढकलणारा जोर इतका, की तिथल्या दर मीटर उंचीमागे कड्यांना सुमारे १८ टनांचा ताण सोसावा लागतो. म्हणून खाली लोखंड जास्त. त्या अंतरात शोभेचा भाग काहीच नाही, सगळा हिशेब आहे.

या टाकीचं कूळ पिंपाचं. युरोपातले कारागीर लाकडी फळ्या कडेला कड लावून गोलात उभ्या करायचे आणि बाहेरून कड्या ठोकून दारूची पिंपं, बिअरचे मोठाले हौद, जहाजांवरचे पाण्याचे साठे घडवायचे. हीच विद्या अमेरिकेत गेली. तिथे जंगलं अफाट होती. पाइन, सीडर, सायप्रस आणि पश्चिमेकडे रेडवूड अशी पाण्यात टिकणारी लाकडं हाताशी होती. शिवाय लोहमार्ग कारखान्यांच्या आधी रानात पोचत होता. फळ्या आणि कड्या मालगाडीत टाकून न्यायच्या आणि चार-सहा माणसांनी जागेवर उभ्या करायच्या, ही सोय ओतीव लोखंडाच्या टाकीत नव्हती. इंग्लंडमध्ये लाकूड महाग आणि ओतशाळा भरपूर, त्यामुळे तिथली टाकी लोखंडी पत्र्यांची, चौकोनी, विटांच्या इमारतीवर बसवलेली झाली. एकाच तहानेसाठी दोन देशांनी दोन वेगळी घराणी वाढवली.

तहान कसली, तर इंजिनाची. वाफेचं इंजिन पाणी उकळून वाफ करतं, ती सिलिंडरमध्ये वापरतं आणि धुराड्यातून आकाशात सोडून देतं. ते पाणी परत मिळत नाही. कोळसा किंवा लाकूड काही तास पुरे, पाणी त्याच्या आधी संपे. त्यामुळे लोहमार्ग आखताना काही मैलांवर पाण्याची जागा धरावीच लागे. १८६० मध्ये जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज इंजिनिअरने उत्तर वेल्समध्ये रुळांच्या मधोमध पाण्याचे लांब उथळ पाट घातले आणि धावत्या गाडीने खाली पन्हळ सोडून पाणी उचलण्याची युक्ती काढली. ती काही मोजक्या वेगवान मार्गांवर चालली. बाकी साऱ्या जगाने टाकीपाशी थांबणंच पत्करलं.

टाकीत पाणी चढवायचं कसं, याचं उत्तर अमेरिकेच्या सपाट प्रदेशात वाऱ्याने दिलं. कनेक्टिकटच्या डॅनियल हॅलडेने १८५४ मध्ये आपोआप वाऱ्याकडे वळणाऱ्या आणि जोराचा वारा सुटला की स्वतःच पाती आवरणाऱ्या पवनचक्कीचं पेटंट घेतलं. पुढे हा धंदा इलिनॉयमधल्या बटेव्हिया गावी गेला आणि रेल्वे त्याचं मोठं गिऱ्हाईक झाली. १८६८ मध्ये युनियन पॅसिफिकचा मार्ग वायोमिंगमधल्या लॅरमीला पोचला, तेव्हा अँड्र्यू रसेलने काढलेल्या छायाचित्रांत तिथली प्रचंड पवनचक्की दिसते. नंतर वाफेचे आणि तेलाचे पंप आले. मॉडेल बांधणाऱ्याला हा इतिहास माहीत हवा, कारण टाकी कधीच एकटी नसते. शेजारी पवनचक्की दाखवायची की पंपाची खोली, यावर तिचा काळ ठरतो.

आता टाकीच्या खाली वाकून पाहू. बारा इंची चौरस खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवे वासे आणि वाशांवर टाकीचा तळ. इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या टाकीतलं खरं सुतारकाम तीच. बाजूच्या फळ्या तळाच्या काही इंच खाली उतरतात. प्रत्येक फळीला आतून आडवी खाच असते आणि तळाच्या फळ्यांची कड त्या खाचेत बसते. १८९ टन पाणी पेलतो तो तळ आणि तळाखालचे वासे. बाजूच्या फळ्यांची टोकं वाशांना टेकत नाहीत, ती अधांतरी राहतात. ती टेकली तर वजन त्यांच्यावर येईल, खाच फाटेल आणि टाकी तळातून गळू लागेल. मॉडेलमध्ये हा फरक एक मिलिमीटरचा आहे. पण टाकीचा नळाकार सांगाडा सरळ वाशांवर चिकटवला तर ती बसकी दिसते आणि वासे किंचित आत घेतले तर ती खांबांवर तोललेली दिसते.

कड्यांचं काम पाहताना मला आपल्या बैलगाडीच्या चाकावरची धाव आठवते. लोहार धाव तापवून चढवतो आणि ती गार होताना आवळली जाते. टाकीची कडी एवढी मोठी, की ती दोन-तीन तुकड्यांची करून ओतीव लोखंडाच्या जोडकड्यांमधून नट फिरवून आवळतात. हे सांधे एकाखाली एक येऊ देत नाहीत, नाहीतर सगळा कमकुवतपणा एका उभ्या रेषेत गोळा होईल. ते पायरीपायरीने सरकवतात. चांगल्या मॉडेलवर ही तिरकी रांग दिसली की बांधणाऱ्याने मूळ टाकी पाहिली आहे हे कळतं.

या सगळ्यात डिंक, डांबर, खिळा काही नाही. कोरडी टाकी पहिल्यांदा भरली की ती सगळीकडून गळते. मग लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि गळती थांबते. टाकी अनेक आठवडे रिकामी ठेवली तर उलट होतं: फळ्या आक्रसतात, कड्या सैल होऊन घसरतात. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींच्या गच्च्यांवर आजही याच पद्धतीच्या लाकडी टाक्या नव्याने उभ्या केल्या जातात.

थंडीने या टाकीला आणखी दोन अवयव दिले. तळातून खाली जाणारी पाण्याची नळी गोठू नये म्हणून तिच्याभोवती फळ्यांची दुहेरी पेटी बांधत, मधली पोकळी भुशासारख्या गोष्टींनी भरत आणि कडाक्याच्या प्रदेशात खाली शेगडीही ठेवत. खांबांच्या मधोमध जमिनीपर्यंत जाणारी ती चौकोनी पेटी म्हणजे बर्फाच्या मुलखाची खूण. दुसरा अवयव छप्पर. चपट्या सुळक्यासारखं, लाकडी फळकुट्यांचं किंवा डांबरी कागदाचं. बाहेरच्या बाजूला एक उभी पट्टी असते, आकडे लिहिलेली, आणि तिच्यावर सरकणारी एक खूण. आतला तरंगता ठोकळा दोरीने कप्पीवरून या खुणेला जोडलेला असतो. पाणी चढलं की ठोकळा वर जातो आणि खूण खाली येते. म्हणून भरलेल्या टाकीची खूण तळाशी हवी. बरीच मॉडेलं ती वर बसवतात आणि नकळत रिकामी टाकी दाखवतात.

पुढचा झुकता नळ उभा राहतो तो प्रतिवजनांच्या बळावर. फायरमन इंजिनामागच्या टेंडरवर चढे, दोरी ओढून नळ खाली घेई, दुसऱ्या दोरीने टाकीच्या तळातली झडप उघडी आणि पाणी स्वतःच्या वजनाने कोसळे. किती जोराने, याची साक्ष १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’ या मूकपटात आहे. मालगाडीच्या टपांवरून धावत आलेला बस्टर कीटन टाकीच्या दोरीला लटकतो, नळ खाली येतो आणि पाण्याचा लोंढा त्याला रुळांवर आपटतो. त्याच्या मानेचं हाड तेव्हा मोडलं होतं. तो काम करत राहिला, आणि अनेक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत ते उघड झालं. दोऱ्या, साखळ्या आणि प्रतिवजनं मॉडेलमध्ये गाळायची नाहीत असं मला वाटतं, ते म्हणूनच. केसाएवढ्या तारांनी ती करावी लागतात, पण त्यांच्याशिवाय नळ नुसता चिकटवलेला तुकडा ठरतो.

खेळण्यांच्या जगात ही टाकी लवकर आली. जर्मनीच्या मार्कलिनने १८९१ मध्ये ठरावीक मापांच्या खेळण्यातल्या गाड्या बाजारात आणल्या आणि मग गाडीबरोबर स्टेशन, पूल, टाकी असं सगळं गाव विकलं जाऊ लागलं. अमेरिकेत लायनेलने १९४६ मध्ये काढलेल्या टाकीत विजेने नळ खाली येई आणि पारदर्शक भिंतींमधलं रंगीत पाणी उतरताना दिसे. मुलांसाठी तो चमत्कार होता. पण तोपर्यंत मोठ्या माणसांचा वेगळा छंद रुजला होता. त्यांना हालचालीपेक्षा प्रमाण हवं होतं. जानेवारी १९३४ मध्ये ए. सी. कामबाक यांनी विस्कॉन्सिनमधून ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी मिलवॉकीत या छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना, एनएमआरए, स्थापन झाली. त्या काळी तयार भाग थोडे आणि पैसाही थोडा. कच्च्या लाकडापासून सगळं स्वतः घडवायचं, ज्याला पुढे स्क्रॅच-बिल्डिंग म्हणू लागले, ती आधी गरज होती. मान तिला नंतर मिळाला.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या जॉन ॲलनने या छंदाला जीर्णतेची दृष्टी दिली. गंज, काजळी, ऊन खाल्लेलं लाकूड हे सगळं त्याच्या ‘गोरी अँड डिफीटेड’ या काल्पनिक रेल्वेत होतं. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि काही दिवसांतच त्याच्या घराला लागलेल्या आगीत ती रेल्वेही गेली. दुसऱ्या टोकाला ई. एल. मूर. हा गृहस्थ बाल्सा लाकूड आणि घरातल्या टाकाऊ वस्तू यांतून नगण्य खर्चात इमारती उभ्या करी आणि त्यांच्याबद्दल मासिकांत लिही. मला हे दोघेही गुरू वाटतात. एकाने पाहायला शिकवलं, दुसऱ्याने न घाबरता सुरुवात करायला.

एच-ओ मापात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. तेव्हा आपली टाकी ८४ मिलिमीटर व्यासाची आणि ५६ मिलिमीटर उंचीची होते. आत प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा किंवा पुठ्ठ्याची नळी घ्यायची आणि तिच्यावर बासवुडच्या पट्ट्या उभ्या चिकटवायच्या. मूळ फळी सहा इंची धरली तर प्रत्येक पट्टी पावणेदोन मिलिमीटरची, आणि घेर भरायला साधारण दीडशे पट्ट्या. बारा इंची खांब साडेतीन मिलिमीटरचा होतो. एक इंच जाडीची कडी पाव मिलिमीटरहून थोडीच जाड, म्हणून शिवणाचा दोरा चालत नाही. त्याचे तंतू मोठे केल्यासारखे दिसतात. बारीक तार किंवा मासेमारीची दोरी घेऊन ती गंजाच्या रंगात रंगवावी. पट्ट्या चिकटवण्याआधीच शाईच्या पातळ पाण्यात बुडवून रंगवलेल्या बऱ्या, कारण सांडलेला गोंद लाकडाला रंग पिऊ देत नाही आणि पांढरे डाग कायमचे राहतात. नट-बोल्ट-वायसरचे प्लास्टिकचे ठिपके विकत मिळतात. ते चिमट्याने एकेक बसवायचे. मग चुन्याचे पांढरट ओघळ. हे ओघळ मनाला येईल तिथे काढायचे नाहीत. पाणी फटीतून झिरपतं आणि कडीवर क्षणभर अडून पुढे उतरतं, तसाच ब्रशही उतरला पाहिजे.

एनएमआरएच्या परीक्षणात इमारतीच्या मॉडेलला १२५ पैकी गुण देतात. त्यांतले २५ मुळाशी इमान राखल्याबद्दल असतात, आणि सगळं स्वतः घडवल्याबद्दल १५. हा क्रम मला योग्य वाटतो. हाताने केलेलं चुकीचं काम केवळ हाताने केलं म्हणून मोठं होत नाही.

मूळ टाक्या आता मोजक्याच उरल्या. १९६० पर्यंत अमेरिकेच्या मुख्य मार्गांवरून वाफ गेली. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी १९७० मध्ये मिळून विकत घेतलेल्या कंब्रेस अँड टोल्टेक या अरुंद मार्गावर लॉस पिनोस आणि क्रेस्को इथल्या लाकडी टाक्या पाहता येतात. छांदिष्ट लोक तिथे टेप घेऊन जातात.

महाराष्ट्रात हा छंद नवा नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला उघडलं आणि कितीतरी मुलांनी चालती मॉडेल रेल्वे पहिल्यांदा तिथे पाहिली. पण इथल्या मार्गाची टाकी बांधायची तर अमेरिकी आराखडे कामाचे नाहीत, कारण आपलं घराणं इंग्रजांचं. १८५३ नंतर इथे आलेली टाकी लोखंडी पत्र्यांची, चौकोनी, दगडी किंवा विटांच्या खांबांवर बसवलेली. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गावर तर इंजिन पाणी घेई त्या जागेचं नावच ‘वॉटर पाइप’ पडलं आणि ते स्टेशन त्याच नावाने राहिलं.

पुढे आलेल्या दाबून घडवलेल्या पोलादी टाक्यांचे पत्रे चार फुटी चौरस असतात, म्हणजे एच-ओ मापात चौदा मिलिमीटरचे. पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर मागून दाब देऊन त्यांची नक्षी उठवता येते. गोल टाकीत पाण्याचा जोर बाहेरच्या कड्यांवर दिसतो. चौकोनी टाकीत समोरासमोरच्या भिंती फुगू नयेत म्हणून आतून लोखंडी सळया ताणलेल्या असतात, आणि त्या खाली उभ्या माणसाला कधीच दिसत नाहीत. मॉडेल मात्र टेबलावर असतं, आपण ते वरून पाहतो. टाकी उघडी ठेवायची असेल तर आतल्या सळया केल्याच पाहिजेत.