घराची गोष्ट, मनाची कशमकश : मुस्लिम मराठी कविता-कथा काय सांगतात?

शाळेत निबंधाला विषय मिळतो, 'माझे घर'. मुलगा वहीत 'अम्मी' लिहितो, थोडा थांबतो, खोडतो आणि 'आई' लिहितो. त्याला तसं करायला कोणी सांगितलेलं नसतं. घरात तो दखनीत बोलतो, दोस्तांशी मराठीत, आणि संध्याकाळी मकतबमध्ये अरबी हरफ गिरवतो. तिन्ही भाषा त्याच्याच आहेत. तरी कागदावर कोणता शब्द चालेल, याचा अंदाज त्याने मनाशी बांधलेला असतो.

मुसलमानांची ओळख हा विषय बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा निवडणूक, दंगल नाहीतर कायद्याच्या निमित्ताने. कविता आणि कथेत तोच विषय स्वयंपाकघरात येतो, अब्बांच्या खाटेपाशी येतो, बहिणीच्या निकाहच्या बोलणीत येतो. महाराष्ट्रातल्या मुस्लिम लेखकांनी मराठीत हे सगळं लिहून ठेवलं आहे. आपल्याच घरांत ते फारसं वाचलं जात नाही, ही खरी खंत आहे. म्हणून या साहित्याची ही थोडक्यात ओळख.

घरातलं बाहेर का सांगायचं?

आपल्याकडे पहिला आक्षेप हाच असतो. खानदानची इज्जत चव्हाट्यावर का आणायची?

यावर सूरह यूसुफ आठवून बघा. कुरआनची ही बारावी सूरह. कुरआनने स्वतःच या कहाणीला कहाण्यांमधली उत्तम म्हटलं आहे. आणि कहाणी कसली, तर एका घराची. भावांचा मत्सर, लाडक्या भावाला विहिरीत टाकणं, बापापुढे खोटं रक्त लावलेला कुर्ता ठेवणं. हजरत याकूब (अलै.) पैगंबर आहेत, सब्र करणारे आहेत, तरी मुलासाठी रडून रडून त्यांची नजर जाते. दुःख आणि सब्र एकाच मनात राहतात, हे तिथे लपवलेलं नाही. शेवटी हजरत यूसुफ (अलै.) भावांना माफ करतात. पण माफीच्या आधी जे घडलं, ते सगळं सांगितलेलं आहे.

म्हणजे घरातला झगडा आणि मनातली घालमेल प्रामाणिकपणे सांगणं आपल्याला परकं नाही. बदनामी करणं वेगळं आणि समजून घेण्यासाठी सांगणं वेगळं. चांगलं साहित्य दुसरं काम करतं.

शेख महंमद : मनातलं युद्ध

मराठीत लिहिणारे मुसलमान ही काही कालपरवाची गोष्ट नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सतराव्या शतकातले संतकवी. त्यांचा 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ 1645 चा. नावातच संग्राम आहे, पण लढाई तलवारीची नाही. माणसाच्या आत वासना, अहंकार आणि विवेक यांच्यात जे चालतं, त्याचं ते युद्ध आहे. आपण ज्याला नफ्सशी लढाई म्हणतो, ती त्यांनी मराठी ओवीत मांडली.

जन्माने मुसलमान, गुरू चांद बोधले, भाषा मराठी आणि ऐकणारे सर्व जातींचे. त्यांच्या काही विचारांशी आजचा वाचक सहमत असेल किंवा नसेल. पण मराठी ही आपली भाषा आहे का, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीच एका शेखने लिहून निकाली काढला होता, एवढं तरी मुलांना माहीत असायला हवं.

अमर शेख : नाव बदललं, घर नाही

शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म 1916 चा, बार्शीचा. गरिबीतून, गिरणीतल्या मजुरीतून आणि कामगार चळवळीतून ते घडले. त्यांच्या शाहिरीची मुळं आई मुनेरबींच्या तोंडच्या गाण्यांत होती. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथकातून महाराष्ट्र पिंजून काढला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदानं भरत असे. मराठी भाषकांचं राज्य व्हावं म्हणून गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत एका मुनेरबीचा मुलगा होता. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह.

त्यांच्याकडे ओळखीचा प्रश्न तक्रार होऊन येत नाही. कष्ट करणारा माणूस ही त्यांची पहिली ओळख. पण बदललेल्या नावातही 'शेख' होतं. 1969 साली अपघातात त्यांचं निधन झालं.

'इंधन' : परत आलेला मुलगा

हमीद दलवाई हे नाव काढलं की आपल्या समाजात आजही वाद होतो. 1970 मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. तलाक आणि धर्माविषयी त्यांनी मांडलेली मतं अनेकांना अजिबात पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण दलवाई आधी कथाकार होते, हे या वादात मागे पडतं. 'लाट' हा त्यांचा कथासंग्रह आणि 1965 ची 'इंधन' ही कादंबरी.

दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 'इंधन'मधलं गावही कोकणातलंच. बरीच वर्षं बाहेर राहिलेला मुलगा आजारपणानंतर गावी परततो. घर तेच आहे, पण त्याचे विचार बदलले आहेत आणि बापाला ते ठाऊक आहे. बाप मुलाला हाकलत नाही आणि जवळही घेत नाही. दोघांमधला हा अबोला कादंबरीभर जाणवत राहतो. पुढे भावाच्या वागण्यातून, जमिनीच्या आणि जातींच्या जुन्या तेढीतून गावात आग पेटते. दंगल बाहेरून येत नाही. घराघरांत साठलेलं इंधनच पेट घेतं.

वाचताना एक गोष्ट टोचते. निवेदकाला सगळं दिसतं, कळतं, तरी त्याला काहीच थांबवता येत नाही. घरच्यांच्या लेखी तो पुरता घरचा राहिलेला नाही आणि गावाच्या लेखी तो मुसलमानाचा मुलगाच आहे. शिकून शहरात गेलेल्या आपल्या कितीतरी मुलांना ही जागा ओळखीची वाटेल. दलवाईंचं राजकारण नाकारणाऱ्यानेही 'इंधन' वाचावी ती यासाठी. दिलीप चित्रे यांनी तिचा इंग्रजीत अनुवादही केला आहे.

बायकांनी सांगितलेलं घर

पुरुषांच्या पुस्तकांत घर बहुतेक वेळा अब्बा आणि मुलगा यांचं असतं. बायका लिहायला लागल्या तेव्हा त्याच घराची दुसरी बाजू दिसली.

मेहरुन्निसा दलवाई यांचं 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन 1995 मध्ये आलं. उर्दू वातावरणात वाढलेली मुलगी, नवरा मराठी लेखक आणि चळवळीचा माणूस. तो समाजाशी भांडत असताना नोकरी करून घर चालवायचं, मुली वाढवायच्या, त्याची आजारपणं काढायची आणि नातेवाइकांचे टोमणे ऐकायचे, हे सगळं तिच्या वाट्याला. विशेष म्हणजे तिचा सूर कडू नाही. नवऱ्यावर प्रेम आहे आणि थकवाही आहे. दोन्ही एकाच पानावर सापडतात.

मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (1984) याच्या अगदी उलट, धारदार आहे. अमर शेख यांची ही मुलगी. वडील मुसलमान, आई हिंदू घरातली, नवरा दलित पँथरचे एक संस्थापक आणि कवी नामदेव ढसाळ. जगासाठी समता मागणाऱ्या माणसांच्या घरात बाईला ती मिळते का, हा त्यांचा प्रश्न. 'वाळूचा प्रियकर' आणि 'महानगर' या संग्रहांतली त्यांची कविताही स्वतःला सवलत देत नाही. लग्नानंतरही त्यांनी लेखनासाठी वडिलांचं नाव ठेवलं. कुठलाही धर्म, जात किंवा चळवळ त्यांना पूर्ण सामावून घेत नाही आणि त्या तसं ढोंगही करत नाहीत.

रझिया पटेल यांचं 'चाहूल' तिसऱ्याच जागेवरून बोलतं. 1982 मध्ये जळगावात मुस्लिम बायकांच्या सिनेमा पाहण्यावर बंदी घातली गेली, तेव्हा विरोधात उभी राहिलेली ही तरुण मुलगी. सिनेमा हे निमित्त होतं. घराबाहेर कधी आणि कुणाच्या परवानगीने जायचं, हा खरा मुद्दा होता.

तिन्ही पुस्तकांत बायका घर सोडून देण्याची भाषा सहज करत नाहीत. घर हवं आहे, पण त्यात आपलं ऐकणारं कुणी हवं, एवढंच त्या मागतात.

सोलापूर, 1990 आणि नंतर

वेगवेगळ्या गावांत एकेकटे लिहिणारे लेखक एकत्र आले ते मुस्लिम मराठी साहित्य चळवळीमुळे. पहिलं संमेलन 1990 साली सोलापूरला भरलं. प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिला वैचारिक बळ दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. महाराष्ट्रातला मुसलमान बहुतांशी तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, शिकलगार, मणियार आहे. त्याचं जगणं या मातीतलं आहे, तर ते मराठीत का येऊ नये?

फ. म. शहाजिंदे यांनी मराठवाड्यातलं गावाकडचं जगणं कवितेत आणलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचे अजीम नवाज राही यांच्या 'व्यवहाराचा काळा घोडा' आणि 'कल्लोळातला एकांत' या संग्रहांत गरिबी, बाजार, मोहल्ला आणि कवीचं एकटेपण एकत्र नांदतं. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार (1946–2021) यांनी मराठी गझल घराघरांत पोचवली. राजन खान यांनी तर मुस्लिम लेखकाने फक्त मुस्लिमांविषयी लिहावं, ही अपेक्षाच मोडली. त्यांच्या कथेवरचा 'हलाल' हा मराठी सिनेमा 2017 मध्ये आला. तलाकनंतर पुन्हा एक होऊ पाहणाऱ्या नवरा-बायकोची आणि त्यांच्यामध्ये आलेल्या तिसऱ्या माणसाची ती गोष्ट आहे. कायद्याच्या चर्चेत जे तीन आकडे असतात, ते तिथे तीन जीव होतात.

कविता काय करते, कथा काय करते?

कविता एका क्षणावर थांबते. अजान होते आणि त्याच वेळी शेजारच्या घरात हरिपाठ सुरू असतो. दोन्ही आवाज कानावर येणाऱ्या माणसाच्या मनात काय हललं, तेवढंच कविता पकडते. उत्तर द्यायला ती बांधील नाही.

कथेला वेळ लागतो आणि दुसरा माणूस लागतो. मुलगा बरोबर आहे असं वाटत असतानाच कथा बापाचं म्हणणं पुढे आणते. चांगल्या कथेत दोघंही खरे असतात आणि म्हणून वाचणाऱ्याला त्रास होतो. तो त्रास कामाचा आहे. घरातल्या भांडणात आपण एकाच बाजूने बोलतो, कथा आपल्याला दुसऱ्याच्या जागी बसवते.

घरात वाचताना

सुरुवात एखाद्या कवितेने किंवा छोट्या कथेने करा. वरची काही पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत, ती आधी स्वतः वाचा. मुलांबरोबर वाचून झाल्यावर एवढेच प्रश्न पुरेत :

- ही गोष्ट कोण सांगतंय? घरातलं कोण गप्प आहे?
- माणसं एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात? रागात भाषा बदलते का?
- कोणाला काय हवं होतं आणि ते तोंडाने का मागता आलं नाही?
- आपल्या घरात असं कधी झालं आहे का?

शेवटच्या प्रश्नाला लगेच उत्तर येणार नाही. घाई करू नका. कधी कधी ते आठ दिवसांनी, जेवताना, नानीच्या तोंडून येतं. फाळणीच्या वेळी कोण गेलं आणि कोण राहिलं, आडनाव कुठून आलं, कोणत्या फुफीला शिकायचं होतं आणि कोणी नको म्हटलं. ते ऐकलंत तर तारीख टाकून लिहून ठेवा, दखनीत, कोकणीत किंवा मराठीत, जशी ती बोलली तशीच. नानी गेल्यावर या गोष्टी दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.

आणि मुलाच्या वहीत खोडलेला 'अम्मी' दिसला, तर रागावू नका. त्याला सांगा की मराठी निबंधात 'अम्मी' चालतं. या भाषेत आपली माणसं फार आधीपासून लिहीत आली आहेत.