साक्ष एका पिंगळ्याची

करंजाड्यात आमच्या घरासमोरच्या पिंपळावर पिंगळ्यांचे एक जोडपे नांदते आहे. परवा शेजारचा मुलगा धापा टाकीत आला आणि म्हणाला, "आजोबा, रानपिंगळा पाहिला!" मी विचारले, "डोक्यावर ठिपके होते का रे?" स्वारी गप्प झाली. तेव्हा त्याला जी हकीकत सांगितली, तीच वाचकांपुढे ठेवतो.

पिंगळा आपल्या ओळखीचा. त्याच्या बोलीवरून भविष्य सांगणारा पिंगळा जोशी पहाटे दारी येई. रानपिंगळा मात्र निराळा: माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरे, पाय पिसांनी भरलेले, आणि दिवसाउजेडी वावरण्याची सवय. 1872 साली ब्लेविट या अधिकाऱ्याला तो आजच्या छत्तीसगडातील फुलझरजवळ मिळाला. पुढच्या वर्षी ह्यूमसाहेबाने त्याला ब्लेविटचे नाव दिले. नंतर खानदेशात डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने जमवले. 1884 नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला.

मग कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांचा नमुना पुढे आला. गुजरातेत मांडवीला 1914 साली आपण हा पक्षी मिळवला, असे त्यांचे म्हणणे. एवढा नामांकित पक्षितज्ज्ञ! त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार? नोंद ग्रंथांत गेली. पक्ष्याचा अखेरचा पुरावा तीस वर्षे पुढे सरकला आणि शोधाच्या नकाशावर एक खोटे ठिकाण उमटले.

खोटे म्हणतो ते विचारपूर्वक. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, त्याची क्ष-किरण छायाचित्रे पाहिली. पक्षी उसवून पुन्हा भरलेला होता. पण मूळ कारागिराच्या हाताच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. तो हात डेव्हिडसनचा होता! संग्रहालयातून चोरलेला खानदेशी पक्षी कर्नलांनी स्वतःच्या नावावर खपवला होता. मेलेल्या पाखराने शंभर वर्षांनी साक्ष दिली ती अशी.

मांडवी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे जुन्या खऱ्या ठिकाणी निघाले. पूर्वेकडील रानांत निराशा झाली. अखेर 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात, एका निष्पर्ण झाडावर, तो बसलेला दिसला. आनंदाने ओरडण्याआधी त्यांनी माथा, पोट, पाय अशी एकेक खूण पडताळली. 113 वर्षांचा वनवास संपला. पुढे मेळघाटात तो आढळला, आणि 2014 साली तर आमच्या ठाणे जिल्ह्याच्या तानसा अभयारण्यातही. तेथे छायाचित्राचाच पुरावा होता.

म्हणून पक्ष्यांच्या नोंदी पारखणारी मंडळी खवट वाटली तरी रागावू नये. दिवस कोणता, जागा कोणती, खुणा काय, आवाज ऐकला का, दुसऱ्या कोणी पाहिले का, हे ती विचारतात, ती सांगणाऱ्याचा अपमान करण्यासाठी नव्हे. एका प्रतिष्ठिताला हे प्रश्न वेळीच विचारले गेले नाहीत, त्याची किंमत एका पाखराने मोजली. नोंद नाकारली गेली म्हणजे माणूस खोटा ठरत नाही. पुरावा अपुरा, एवढाच तिचा अर्थ.

पोराने सारे निमूटपणे ऐकले. संध्याकाळी तो पुन्हा पिंपळाखाली जाऊन उभा राहिला आणि परतल्यावर त्याने वहीत लिहिले: "पिंगळा. दोन. डोक्यावर ठिपके आहेत."

ती नोंद मी तत्काळ मान्य केली.