मागावं कसं? रानडे, गोखले आणि इंग्रजी अर्ज

मराठीत भिकारी मागतो, सावकार मागतो आणि रयतही मागते. क्रियापद एकच. इंग्रजी अर्ज लिहायला बसलं की इथेच अडतं. 'डिमांड' लिहिलं तर साहेबाला उद्दामपणा वाटणार. 'प्रे' लिहिलं तर हक्काची गोष्ट दयेवर जाणार. 'क्लेम'मध्ये हक्क आहे, पण मग तो सिद्ध करण्याचं ओझंही आपल्यावर येतं.

1870 साली निघालेल्या पुणे सार्वजनिक सभेचं सगळं राजकारण अशा अर्जांवर चाले. 1875 साली तर तिने पार्लमेंटात हिंदी लोकांना थेट प्रतिनिधित्व मागितलं. तिथे शब्द चुकून कसं चालेल?

या सभेत पुढे दोन माणसं एकत्र आली, दोघांचंही शिक्षण काही काळ आपल्या कोल्हापुरात झालेलं. न्यायमूर्ती रानडे, आणि त्यांच्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान असलेले, कागलहून इथे शिकायला आलेले गोखले. गोखल्यांचे इंग्रजी मसुदे रानडे बारकाईने तपासत, पुन्हा लिहायला लावत.

नुसते शब्द बदलून भागत नाही, हे कोणालाही करून बघता येईल. माझंच एक वाक्य घ्या: 'ज्या शेतकऱ्याचं पीक बुडालं, ज्याने कर्ज काढून हप्ता भरला, त्याला सूट मिळावी.' मराठी माणूस क्रियापदाची शांतपणे वाट बघतो. हाच क्रम इंग्रजीत नेला की वाचणारा मध्येच विचारतो, 'अरे, पण तुला हवंय काय?' तेव्हा सूट आधी, शेतकरी नंतर. उपाय सोपा, पण आपल्याला अवघडल्यासारखं होतं. कारण न सांगता एकदम मागायचं कसं, हा आपला शिष्टाचार!

ही तालीम 1897 साली कामी आली. लंडनला वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी साक्ष दिली, उलटतपासणीला तोंड दिलं. वयाची एकतीस वर्षंही तेव्हा पूर्ण नव्हती. पण त्याच मुक्कामात, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोजिरांच्या अत्याचारांबद्दल ते 'मँचेस्टर गार्डियन'शी बोलले. इथे व्याकरणाचा प्रश्नच नव्हता. 'मला असं कळवलं आहे' म्हटलं तरी सरकारने पुरावा बोलणाऱ्याकडेच मागितला. कळवणारे पुढे येईनात. परतल्यावर गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली, आणि पुण्यात त्यावरून त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं.